आपलाच पेपर

वाईच्या एका शाळेत नानांनी ३१ वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर कृष्णेच्या घाटांवर पुस्तक लिहिलं आणि पदरमोड करून छापलं. गावात चार सत्कार झाले, शाली कपाटात मावेनात. तरी एक रुखरुख होतीच. इंटरनेटवर नाव शोधलं, तर त्यांच्याबद्दल अक्षरही सापडत नव्हतं.

मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतं, हे ते ऐकून होते. एका दुपारी त्यांनी मोबाइल घेतला आणि एका बोटानं अक्षरं शोधत संध्याकाळपर्यंत लेख उभा केला. सुरुवातच अशी : ‘महाराष्ट्राचे थोर इतिहास संशोधक, सिद्धहस्त लेखक आणि विद्यार्थ्यांचे लाडके गुरुजी...’ सोबत सत्काराचा फोटो.

तिसऱ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर पाटी लागली. लेख स्वतःच लिहिलेला दिसतो, एकही स्वतंत्र संदर्भ नाही, काढून टाकावा. आठवड्याभरात लेख गेला.

नानांचा पारा चढला. नात सुटीला आली होती. ती स्वतः विकिपीडियावर फुलापाखरांबद्दल, गडकिल्ल्यांबद्दल लिहायची.

“माझ्याबद्दल माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार गं?”

“कोणालाच नाही. पण नाना, इतक्या वर्षांत वर्गातल्या सगळ्यात प्रामाणिक मुलाला तरी त्याचा पेपर त्यालाच तपासायला दिलात का?”

नाना चष्मा पुसत राहिले.

“आणि हा मोह लहानमोठा बघत नाही,” ती म्हणाली. “जिमी वेल्स म्हणजे विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक. २००५ मध्ये त्यांनी स्वतःवरच्याच लेखात हात घातला. लॅरी सँगर हे सहसंस्थापक, अशा अर्थाचा मजकूर काढला. पण तिथं प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. बोभाटा झाला, आणि आपण हे करायला नको होतं, अशी कबुली त्यांना द्यावी लागली.”

“आपल्या विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं,” नाना हळूच म्हणाले. मराठी विश्वकोशाचं कार्यालय वाईतच. १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला, तेव्हाचं कौतुक त्यांना आठवत होतं.

“तेच काम इथं इतिहासाचं पान करतं. कोणी, कधी, काय बदललं, सगळं कळतं. तुम्ही घाटांवर लिहा ना, नाना. पुस्तकांचे आधार देऊन.”

नानांनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी एकेक घाट, एकेक देऊळ. ‘थोर’, ‘भव्यदिव्य’ ही विशेषणं नात खोडायची. हळूहळू नाना स्वतःच ती खोडू लागले.

दोन वर्षांनी एक दिवस नातीचा फोन आला. कोणी अनोळखी माणसानं नानांवर लेख लिहिला होता. मासिकांत आलेल्या दोन परीक्षणांचे संदर्भ होते. नानांनी अधाशासारखा वाचला आणि शेवटच्या परिच्छेदाशी अडखळले. ‘एका शिलालेखाच्या वाचनात त्यांची चूक झाल्याचे समीक्षकांनी दाखवून दिले आहे.’

चूक खरी होती. झिजलेल्या दगडावरचा सहा त्यांनी पाच वाचला होता आणि एक घाट उगाच दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. शिवाय लेखात त्यांचं जन्मसालही चुकलं होतं. १९४६ च्या जागी १९४८.

रात्री त्यांनी लेख उघडला. ‘संपादन’वर बोट नेलं. ती एक ओळ पुसायला दोन सेकंदही लागले नसते. जन्मसाल दुरुस्त करताना तीही गेली असती, कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि मग त्यांना परीक्षेच्या दिवसांतली टेबलावरची पेपरांची चळत आठवली. निकालानंतर मुलं पेपर घेऊन यायची. ‘सर, बेरीज चुकलीय.’ चुकली असेल तर नाना मुकाट्यानं दुरुस्त करायचे. पण एकानं एकदा स्वतःच्या पेनानं मार्क वाढवून आणले होते. त्याचा पडलेला चेहरा नाना अजून विसरले नव्हते.

त्यांनी लेख मिटला आणि शेजारचं चर्चा पान उघडलं. पुन्हा एका बोटानं टंकलं :

‘हा लेख माझ्यावर आहे, म्हणून मी तो संपादित करत नाही. माझे जन्मसाल १९४६ आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ते छापलेले आहे. कृपया तपासून बदलावे. शिलालेखाबद्दल लिहिले आहे ते बरोबर आहे.’

खाली सही केली आणि दिवा मालवला.

तात्पर्य : आपला पेपर आपण तपासू नये, बेरीज चुकली असेल, तर हात वर करून सांगावं.