काटा कुणाच्या हातात?

पुण्यातल्या एका परिसंवादात मध्यंतरी एका अभ्यासू वक्त्यांनी ठासून सांगितलं, की महाराष्ट्रातला प्रत्येक शेतकरी आता एक सेन्सर झाला आहे. हातात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे, जीपीएस आहे. त्यानं विहिरीची पातळी, पाऊस, पाखरं, कीड टिपून अ‍ॅपवर चढवावी, पुढचं संशोधक पाहून घेतील. सभागृहानं टाळ्या दिल्या. मला ते वाक्य सहन झालं नाही, आणि हा लेख त्या वाक्याशी भांडायलाच लिहितो आहे. या आकड्यातून तुला काय कळलं, असं सेन्सरला कुणी विचारत नाही. माणसाला विचारावं लागतं.

मोजणीशी माझं भांडण नाही. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) मोजल्यावाचून निभाव लागत नाही. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे पाऊस असा पडतो, की ओढ्याच्या अलीकडचं शिवार भिजतं आणि पलीकडचं कोरडं राहतं. सरकारी स्वयंचलित हवामान केंद्र मात्र अख्ख्या महसूल मंडळाला एक. जमिनीखालचा प्रकार याहून अवघड. इथला खडक बेसॉल्ट. पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचं पाणी जुळेलच असं नाही. ग्रेस उपग्रहांनी २००२ पासून गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म फरकावरून भूजलाची घट टिपली, हे मोठंच काम आहे. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यावर. त्यात गाव दिसत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. मधल्या दिवसांत पाण्याचं काय झालं, ते विहिरीच्या धन्यालाच ठाऊक.

आणि विहीर मोजणं म्हणजे नुसता टेप सोडणं नव्हे. काठावर रंगानं एक खूण करायची, दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप खाली सोडायचा, तोही सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आत. रात्री लाइट असेल आणि शेजाऱ्यानं पहाटेपर्यंत उपसा केला असेल, तर आपलीही पातळी उतरलेली दिसते. म्हणून रात्री कुणाची मोटर चालली हे आकड्याशेजारी लिहायला हवं. त्याशिवाय तो आकडा फसवा. मी पाहिलेल्या अ‍ॅपमध्ये पातळीला रकाना होता, या शेऱ्याला नव्हता. ज्यांनी ते बनवलं त्यांना मोजणाऱ्याचं शहाणपण लागतच नव्हतं.

इथं मला गाडगीळ पितापुत्रांपाशी थांबायचं आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. १९५०-५१ च्या पहिल्या गळीत हंगामामागचा विचार सरळ होता: ऊस पिकवणारा नुसता ऊस घालणाराच राहिला, तर भाव कायम दुसराच ठरवणार, तेव्हा कारखानाच त्याच्या मालकीचा करा. धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनी हाच विचार निसर्गाच्या माहितीला लावला, असं मी मानतो. लोकांची जैवविविधता नोंदवही ही त्यांची कल्पना १९९० च्या दशकात ठिकठिकाणच्या गावांत करून पाहिली गेली आणि २००२ च्या जैविक विविधता कायद्यातून तिला पाठबळ मिळालं. गावात कोणती झाडं, कोणते मासे, त्यांचा उपयोग कोण जाणतं, ओढा कधीपासून आटू लागला, आणि गावाला पुढं काय हवं आहे, हे सगळं तिच्यात यायचं होतं. नोंदवही स्थानिक समितीनं सांभाळायची. व्यापारासाठी जैविक संसाधनं नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीला. मोजणारा माणूस त्या नोंदवहीत आपल्या इच्छेसकट आणि हक्कासकट येतो. सेन्सरची भाषा बोलणाऱ्यांकडे याला उत्तर नाही.

या नोंदवहीचं पुढं काय झालं, ते मात्र दुःखाचं आहे. नोंदवह्या पूर्ण करायला राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागणार होते. वर्षानुवर्षं रेंगाळलेलं काम मग घाईनं उरकलं गेलं, आणि कितीतरी नोंदवह्या गावाला न विचारताच भरल्या गेल्या. लवादाचा हेतू चांगला होता. पण गावानं स्वतःसाठी करायची गोष्ट वरच्या मुदतीसाठी झाली, की ती कपाटात जाते. याउलट, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेली देशी वाणं पाहावीत. दर हंगामात तिथलं बी मातीत जातं, नवं बी परत येतं. वापरात असलेली नोंद अशी असते.

इथवर येईतो माझं म्हणणं ठरलेलं होतं: माहितीचीही सहकारी संस्था काढा, गावाचा डेटा गावाच्या मालकीचा करा. पण या जिल्ह्यात राहून सहकाराचा पुढचा इतिहास नजरेआड करता येत नाही. कारखाने सभासदांच्याच मालकीचे, तरीही गळीत हंगाम आला की महाराष्ट्रभर काटामारीची ओरड उठते. ऊस वाहणारा शेतकरी आपल्याच कारखान्यात जाण्याआधी वाटेतल्या खासगी काट्यावर गाडी तोलून घ्यायला बघतो. मालकी सभासदाकडे आली, काटा आला नाही. उद्या डेटाची सोसायटी निघाली, तर तिचा काटाही दोन-चार पुढाऱ्यांच्या हाती जाईल, ही भीती मला खरी वाटते.

तज्ज्ञांची एक शंकाही खरी आहे. गावकऱ्याच्या आकड्यात त्याचं हित मिसळलेलं असतं. पाणी खोल गेलेलं दाखवलं तर टँकर लवकर मिळेल, पाऊस कमी दाखवला तर विमा मिळेल, आणि २००९ च्या भूजल अधिनियमाखाली नव्या विहिरीवर निर्बंध येतील असं वाटलं तर तोच माणूस पातळी वर दाखवेल. गरजू माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

याला उत्तर याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दिलं आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतरच्या काळात गावानं शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस आणि केळी बंद केली. पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि रब्बीत काय पेरायचं ते त्यावरून ठरतं. तिथं खोटा आकडा टिकणं कठीण, कारण सांगणाऱ्याची विहीर शेजाऱ्यानं सकाळीच पाहिलेली असते. मालकी कुणाची, या प्रश्नाइतकाच मोजमाप चारचौघांत होतं का, हा प्रश्न मला आता महत्त्वाचा वाटतो.

सगळंच चारचौघांत आणता येत नाही, हेही खरं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला पकडलेल्या बिबट्याच्या गळ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनविभागानं जीपीएसचा पट्टा घालून त्याला माळशेजला सोडलं. त्याचं नाव आजोबा. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईपर्यंत गेला. तेव्हा त्याचा रोजचा ठावठिकाणा कुणालाही मोबाइलवर दिसता, तर तो वाटेतच संपला असता. बिबट्याची जागा झाकावी, विहिरीची पातळी उघडी करावी; प्रत्येक नोंदीपुरता हा निर्णय ग्रामसभेत, संशोधकांना समोर बसवून व्हायला हवा. आज तो अ‍ॅपच्या इंग्रजी अटींखाली बोटाच्या एका टेकण्यानं होतो.

म्हणून कुठल्याही विद्यापीठानं वा संस्थेनं आमच्या गावांशी करार करताना त्यात माहिती परत देण्याची तारीख घालावी. संगमनेर-अकोल्यात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टनं गावांत हवामान केंद्रं बसवली, तेव्हा पिकांचा सल्ला त्याच गावांना परत दिला. म्हणजे हे होऊ शकतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही दिलेली पातळी, तिचा अर्थ मराठीत लावून, गहू-कांद्याच्या आधी आमच्या चावडीवर लागली पाहिजे. मार्चमध्ये आलेला अहवाल कितीही अचूक असो, तोवर कांदा शेतात उभा असतो आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो.