दिल्लीत तुमचं कोण आहे?

पोट्टेहो, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क पाच हजारांचं दहा हजार झालं. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सहाशेचं पाच हजार झालं होतं. दोन्ही वेळा मसुदा अगोदर छापून आला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या, मुदत दिली गेली. त्या मुदतीत तुमच्यातल्या एकानं तरी कागदाला पेन लावला? तुम्ही काय केलं ते मला ठाऊक आहे, कारण मास्तर म्हणून मानानं तुम्ही मलाही गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं आहे. मंत्र्याच्या नावानं बोटं मोडली, रडक्या तोंडाची चित्रं टाकली आणि तासाभरात ‘रविवारी चिखलदरा, कोण कोण येतंय?’ म्हणून अंगठे मागितले. आज माझा अंगठा मिळणार नाही. आज ऐकून घ्यायचं.

तुमच्या गाड्यांच्या वेडाशी माझं भांडण नाही. बापाची पद्मिनी भंगारात न घालता, पगारातून पैसे काढून तिचं पत्र्याचं काम करून घेणाऱ्या पोराचा मला अभिमान आहे. कापसाचं वर्ष बरं गेलं म्हणून आजोबांनी घेतलेली जीप आजही धुऱ्यावर सुरू होते, ही वऱ्हाडातल्या घराघरांतली दौलत आहे. राग आहे तो तुमच्या आळसावर. जीपवाल्यांचा ग्रुप वेगळा, थारवाल्यांचा वेगळा, जुन्या फियाटवाल्यांचा वेगळा; बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावरून फुटून झालेले आणखी काही. यातल्या एकाची नोंदणी नाही, एकाला घटना नाही, एकाकडे हिशेबाची वही नाही. अमरावतीवाला अकोल्याच्या माणसाला विचारत नाही, अकोल्याचा एमएच-२७ ची पाटी दिसली की तोंड फिरवतो. गाऱ्हाणं मात्र दोघांचं शब्दाशब्दाला एकच आहे.

ज्यांना शर्यती करायच्या असतात त्यांचं बघा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था १९७१ पासून उभी आहे. तिला केंद्र सरकारची मान्यता आहे, जागतिक संघटनेशी ती जोडलेली आहे. गाडी कोणी चालवायची, हेल्मेट कोणतं, मार्शल कुठे उभे राहणार, सगळं लिहिलेलं. सरकारला शर्यतीबद्दल काही विचारायचं असेल तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं आहे. तुम्ही शर्यत करत नाही. गाड्या पुसून नरनाळ्याला नाहीतर लोणारला जाता, झाडाखाली डबे सोडता, दिवेलागणीला परत येता. म्हणून तुम्हाला वाटतं, आपल्याला कशाला संघटना? अरे, शर्यत करत नाही हे सांगायलाच तुम्हाला संघटना पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ काढून वाचा. शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चढाओढ केली किंवा होऊ दिली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस गाड्या एका रांगेत, दोघांचे सायलेन्सर कापलेले, तिघांच्या टपावर डोळे दिपवणारे दिवे. नाक्यावरच्या हवालदारानं तुमची सहल आणि चढाओढ यांत फरक करायचा कशावरून?

आणि तो फरक दिसावा असं तुम्ही वागता तरी कुठे? लोणी ते माना या आपल्या पट्ट्यात पंच्याहत्तर किलोमीटरची एकेरी मार्गिका जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाली, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी त्याच अमरावती-अकोला रस्त्यानं वर्षानुवर्षं माणसांची हाडं खिळखिळी केली होती. रात्रंदिवस राबून मजुरांनी तो रस्ता केला तो गावच्या बाईला दवाखान्यात वेळेवर पोचता यावं म्हणून. कोणाचा काटा किती वर जातो ते मोबाइलवर टिपायला केलेला नाही. मेळघाटात शिरल्यावर गाणी लावणारे, घाटाच्या वळणावर फोटोसाठी गाड्या आडव्या लावणारे, तुम्हीच. देशपातळीवरची संस्था असती तर तिची आचारसंहिता असती: पुढे एक जबाबदार गाडी, मागे एक, मधून एसटीला ओलांडता येईल एवढं अंतर, जंगलात हॉर्न बंद. न पाळणाऱ्याचं सभासदत्व गेलं असतं. ग्रुपमधून काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप काढतो, एवढीच तुमची शिस्त आहे.

आता पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ते धरून बनवले आहेत. तुमच्या पद्मिनीच्या, जिप्सीच्या वेळी तसा विचारही नव्हता. मी एका गॅरेजात उभं राहून पाहिलं आहे. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी होती. मिस्त्रीनं कार्ब्युरेटरची वाटी सोडली तर तळाशी पाणी वेगळं होऊन बसलेलं, पितळी जेटवर हिरवट थर, पेट्रोल पंपाचा रबरी पडदा फुगून सैल झालेला. नळी त्यानं चिमटीत दाबली तर तिचं रबर काळं होऊन बोटांना लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. मायलेजचं तर नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं आहे: बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट.

इथेनॉलच्या विरोधात उभे राहा असं मी सांगत नाही. मका नि ऊस पिकवणारा शेतकरी आपलाच आहे. पण कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा, कोणता भाग, किती महिन्यांत गेला, याची नोंद तुमच्यापैकी कोणी ठेवली? प्रत्येकानं आपापल्या मिस्त्रीला पैसे दिले आणि गप्प बसला. दोन जिल्ह्यांतल्या गॅरेजांच्या नोंदी एका वहीत आल्या असत्या, तशाच नागपूरच्या, पुण्याच्या, कोइम्बतूरच्या आल्या असत्या, तर तो पुरावा झाला असता. एकट्यानं केलेली तक्रार कुरकूर ठरते.

ब्रिटनमध्ये जुन्या वाहनांच्या क्लबांचा महासंघ १९८८ पासून आहे. पाचशेहून अधिक क्लब त्यात आहेत, आणि त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच चहा पिऊन घरी जाणारे. इथेनॉलनं धातू गंजतो, तर कोणतं रसायन टाकलं की गंज थांबतो, हे त्या महासंघानं तपासून घेतलं आणि सभासदांना सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे दहा टक्क्यांचं पेट्रोल सगळीकडे आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोलही पंपावर ठेवलं गेलं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांपुढच्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना तिथे वार्षिक तपासणीतून सूट आहे. सरकारपुढे बसून आकडे मांडणारं कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं खुर्चीत होतं.

आपल्याकडे काय झालं ते नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा मसुदा काढला, १५ जुलै २०२१ ला नियम पक्के झाले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी, पहिल्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. नियम चांगला आहे. पण तुमच्या गाड्या त्यात बसतात का? मारुती ८०० आली १९८३ मध्ये. जिप्सी १९८५ मध्ये. पद्मिनी २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत होती, ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत. म्हणजे पंधरा वर्षं झाली की तुमच्या गाडीची नोंदणी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी आणि वाढतं शुल्क, आणि मान मिळणार पन्नासाव्या वर्षी. मधली पस्तीस वर्षं ती ना नव्यात, ना जुन्यात. ‘फिवा’ ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना तीस वर्षांपुढच्या, नीट जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. तीस आणि पन्नास यांच्यामध्ये वऱ्हाडातल्या किती गाड्या भंगारात जातील याचा विचार करा. तीस करा, असं मसुद्याच्या वेळी तुमच्यातल्या कोणी लिहून पाठवलं? एकानंही नाही.

नाव कागदावर असलं की काय होतं, तेही सांगतो. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात एक कलम होतं: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या गाडीला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणपत्र दिलं, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात पंचवीस टक्के सूट. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला पाच टक्के, जास्तीत जास्त दोनशे रुपये. रक्कम लहान आहे, पण देशाच्या नियमात एका क्लबचं नाव छापलं गेलं, कारण त्या क्लबला पत्ता होता, शिक्का होता, सहीला माणूस होता. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन मुंबईत १९१९ पासून आहे. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव कुठल्या नियमात येणार?

‘मास्तर, आम्ही लहान माणसं, दिल्लीत आम्हाला कोण विचारतं?’ हे मला ऐकवू नका. पापळच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज काढला तो याच कारणासाठी, की गावोगावचा शेतकरी एकटा बोलला तर ऐकू जात नाही. चारच वर्षांत त्यांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून दाखवलं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठापुढून तुम्ही अकोल्यात रोज गाड्या नेता. त्यांनी काढलेल्या शाळांत तुमच्यातले कित्येक शिकले. मग काहून असे तोंडात मिठाची गुळणी धरून बसता?

दुसरी सबब: आधीच संस्था आहेत, आणखी एक कशाला? जुन्या वाहनांसाठी फेडरेशन ऑफ हिस्टॉरिक व्हेइकल्स ऑफ इंडिया आहे. ज्यांच्या गाड्या त्यात बसतात त्यांनी उद्याच पत्र लिहावं. पण थारवाला, जिप्सीवाला, दहा-वीस वर्षांची गाडी जपणारा, अंगच्या हौसेनं फिरणारा, या सगळ्यांचा मिळून एक आवाज देशात हवा. तो मुंबई-दिल्लीचे लोक उभा करतील आणि आपण आयते जाऊन बसू, असं धराल तर नियमही त्यांच्याच गाड्यांच्या सोयीचे होतील. कोट्यवधींच्या रोल्सवाल्याला तुमच्या ८०० ची अडचण कळायची कशी? ती तुम्हालाच सांगावी लागेल, आणि सांगण्याआधी तुम्हाला नोंदलेला क्लब व्हावं लागेल. महासंघ क्लबांचा होतो, ग्रुपांचा होत नाही.

तिसरी सबब, ‘पदांवरून भांडणं होतील’. होतील. आताही होतात. निदान तेव्हा घटना असेल, निवडणूक असेल, दरवर्षी हिशेब तपासला जाईल.

सोसायटी नोंदणी कायदा १८६० चा आहे, त्याला सात माणसं लागतात. पुढचं काम धर्मादाय कार्यालयात. मूर्तिजापूर अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध आहे. येत्या रविवारचं चिखलदरा रद्द करा आणि तिथे या. चार अमरावतीचे, तीन अकोल्याचे, नाहीतर उलट. आधारकार्ड आणि गाडीचं आरसी सोबत आणा, बॅनर आणू नका. घटनेचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवतो. नोंदणी झाली की पहिलं पत्र परिवहन मंत्रालयाला जाईल, दुसरं देशातल्या प्रत्येक क्लबाला. पहिल्या पत्राचा विषय आत्ताच लिहून घ्या: व्हिंटेज वाहनाची वयोमर्यादा पन्नासऐवजी तीस वर्षं करण्याबाबत.