गळणारं यंत्र, कळणारं यंत्र

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला नवखा माणूस अंगातला सगळा जोर लावून किक मारतो आणि गाडी ढिम्म राहते. सराव असलेला माणूस घाई करत नाही. तो पेट्रोलचा कॉक उघडतो, चावी फिरवतो आणि किक हळूहळू दाबत हेडलाइटजवळच्या अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघत राहतो. ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असतात तोवर काटा उणेकडे झुकलेला असतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. काटा मध्यावर आला, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी पोचला. मग डाव्या मुठीजवळचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढायचा, किक जराशी पुढे सरकवायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि एकच पूर्ण किक मारायची. इंजिन धडधडायला लागतं.

लोखंडाच्या आत, डोळ्यांना न दिसणारा पिस्टन नेमका कुठे थांबलाय, हे त्या माणसाला बाहेरून कळलेलं असतं. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर जगभरची माणसं एवढा जीव का टाकतात, याचं उत्तर मला या अर्ध्या मिनिटात सापडतं. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचच्या एन्फिल्ड कंपनीची. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. 1970 पर्यंत ब्रिटनमधलं उत्पादन थांबलं, आणि आपल्याकडे मात्र ते लोखंडी इंजिन पुढची चाळीसेक वर्षं बनत राहिलं. त्यामुळे या जातीच्या यंत्राला आपण गल्लीतल्या गॅरेजमध्ये, मिस्त्रीच्या काळ्या हातांमध्ये पाहिलेलं आहे.

या जातीचा सगळ्यात देखणा नमुना 1937 साली कॉव्हेंट्रीत तयार झाला. एडवर्ड टर्नर यांनी ट्रायम्फ कंपनीसाठी स्पीड ट्विन ही 500 सीसीची मोटरसायकल आखली. दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे, दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली. इंजिन आटोपशीर होतं, एका सिलिंडरच्या फ्रेममध्ये बसेल इतकं. पुढची तीसेक वर्षं बीएसए, नॉर्टन, एन्फिल्ड या सगळ्या ब्रिटिश कंपन्यांनी हाच साचा गिरवला. 1959 ची ट्रायम्फ बॉनव्हिल याच वंशातली. या इंजिनाकडे नुसतं बघत बसावं. पुशरॉडच्या नळ्या बाहेर दिसतात, टॅपेटची झाकणं हाताने उघडता येतात, तेल कुठल्या नळीतून वर जातं ते बोटाने दाखवता येतं. ॲमल कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबत राहायचं, बोटाला पेट्रोलचा ओलावा लागला की थांबायचं. मिश्रण तयार झालं हे डोळ्यांआधी बोटाला कळतं.

रस्त्यावरची या गाड्यांची चालही तशीच होती. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी नॉर्टनसाठी आखलेली फ्रेम 1950 साली शर्यतीत उतरली. तिचं नावच पडलं ‘फेदरबेड’, पिसांची गादी. वळणावर ती इतकी निश्चिंत झुकायची की शर्यतपटू जेफ ड्यूक यांनी त्याच वर्षी आइल ऑफ मॅनची सीनिअर टीटी ही शर्यत तिच्यावर जिंकली. त्याच्या दोन वर्षं आधी स्टीव्हनेजच्या छोट्या कारखान्यातून व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो बाहेर पडली होती, ताशी 200 किलोमीटरची. या यंत्रांमागे खरी बुद्धी होती. त्यांचं कौतुक केवळ जुनं ते सोनं म्हणून होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून चालणार नाही. ही इंजिनं गळायची. क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, उभ्या चिरेने दोन भागांत केलेली असायची, म्हणजे तेलाने भिजलेला सांधा थेट तळापर्यंत यायचा. दोन्ही पिस्टन एकदम खाली येताना आतली हवा दाबायचे आणि ती हवा सापडेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलायची. त्यात बऱ्याच कारखान्यांतली यंत्रसामग्री जुनी आणि झिजलेली, त्यामुळे जोडाचे पृष्ठभागही नीट सपाट नसायचे. दोन्ही पिस्टन एकदम हलल्यामुळे हादरेही एका सिलिंडरच्या इंजिनासारखेच बसायचे. 500 चं इंजिन 650 चं आणि मग 750 चं झालं, तसे ते हादरे वाढत गेले. नट ढिले पडायचे, दिव्यांच्या तारा तुटायच्या, मुठी धरून हातांना मुंग्या यायच्या. नॉर्टनने कमांडो काढली तेव्हा इंजिन रबरावर बसवून हादरे स्वारापर्यंत पोचू दिले नाहीत. ती युक्ती हुशारीची होती, पण मूळ दुखणं इंजिनात तसंच राहिलं.

मला प्रश्न पडतो तो असा, की हे सगळं माहीत असूनही तीस वर्षं का चाललं? मला वाटतं, कारण गिऱ्हाइकाने ते चालवून घेतलं. इंग्लंडमधली तरुण पोरं रविवारी सकाळी इंजिन खोलून बसायची. गॅस्केट बदलायची, पॉइंट घासायची, नट आवळायची. लंडनच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणाऱ्या पोरांनी तर नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ‘ट्रायटन’ तयार केली. सगळ्यात चांगली फ्रेम आणि सगळ्यात चांगलं इंजिन एकत्र आणायचं काम दोन मोठ्या कंपन्यांनी केलं नाही, ते घरामागच्या शेडमध्ये झालं. स्वाराचं हे प्रेम खरं होतं. पण कारखान्यांनी त्या प्रेमाचा अर्थ ‘माल चांगला आहे’ असा लावला. गिऱ्हाईक आपल्या हाताने दुरुस्त करतंय, म्हणून आपण दुरुस्त करायचं काही उरलं नाही, असं ते धरून चालले. इथेच ते बुडाले.

इशारा मिळाला नव्हता असंही नाही. 1960 साली खुद्द एडवर्ड टर्नर जपानला जाऊन तिथले मोटरसायकलींचे कारखाने बघून आले आणि तिथल्या अफाट उत्पादनाचा अहवाल त्यांनी मायदेशी दिला. होंडाने त्याच्या आदल्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पाऊल टाकलं होतं. जपानी कंपन्या लहान गाड्यांनी बाजारात शिरल्या. ब्रिटिश कंपन्यांनी लहान गाड्या त्यांना सोडून दिल्या आणि त्या मोठ्या गाड्यांकडे सरकल्या. मग तिथेही मागे हटल्या. 1975 साली ब्रिटिश सरकारसाठी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने केलेल्या अहवालात या माघारीची पायरीपायरीने नोंद आहे. तोवर 1969 ची होंडा सीबी 750 येऊन गेली होती. चार सिलिंडर, बटणावर सुरू होणारं इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, आणि गाडी उभी केल्यावर खाली जमीन कोरडी. 1973 साली ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेतला. पुढे सहकारी संस्था काढून त्यांनी तो 1983 पर्यंत चालवला. स्वतःच्या हातच्या कामावर एवढी निष्ठा असलेल्या माणसांना चूक भोगावी लागली ती वरच्या मजल्यावरच्यांची.

या गाड्यांचे चाहते एक गोष्ट नेहमी सांगतात: दोष होते म्हणूनच त्यांना स्वभाव होता, तेल गळतं म्हणजे इंजिनात तेल आहे. हे मला पटत नाही. यामाहाने 1970च्या सुमाराला एक्सएस 650 आणली. ब्रिटिश साच्याचेच दोन उभे सिलिंडर, पॉइंट, कार्बोरेटर, किक, बरंचसं तसंच. पण क्रँककेस आडव्या चिरेची, म्हणजे सांधा तेलाच्या पातळीच्या वर. ती गळत नव्हती, आणि घरच्या पान्यांनी खोलून समजूनही घेता येत होती. म्हणजे कळणं आणि गळणं एकमेकांत गुंतलेलं नव्हतंच. ब्रिटिश गाडीचा जीव तिच्या कळण्यात होता. गळणं ही कसूर होती, आणि ती टाळता येत होती.

हा भेद आज आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण ती जुनी नावं आता आपल्या दाराशी आली आहेत. बीएसए महिंद्राच्या घरात आहे, 2020 पासून नॉर्टन टीव्हीएसकडे आहे, आणि 2023 साली आलेली ट्रायम्फ स्पीड 400 आपल्या पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते. या नव्या गाड्या गळत नाहीत, आणि हे चांगलंच झालं. पण त्या कळतही नाहीत. दोष शोधायला संगणक जोडावा लागतो, आणि ज्या मिस्त्रीकडे तो संगणक नाही त्याच्या हातातलं चाळीस वर्षांचं शहाणपण निरुपयोगी ठरतं. वारसा म्हणून आपण टाकीचा आकार आणि सायलेन्सरचा आवाज जपला. खरा वारसा होता तो मालकाला यंत्र समजण्याचा हक्क, आणि तो मात्र हातातून सुटतो आहे.

म्हणून बनवणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. माणसाचं प्रेम मिळालं म्हणून काम सैल सोडू नका. दोष पोटात घालणं चाहत्याला शोभतं, कारखान्याला शोभत नाही. आणि गाडी निर्दोष केलीत, तरी ती बंद पेटी करू नका. वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरी, गोठ्याशेजारी किंवा जिन्याखाली एखादी जुनी बुलेट धूळ खात असेल, तर भंगारात देण्याआधी जुन्या मिस्त्रीला एकदा घरी बोलवा. घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवा आणि अँपिअर मीटरचा काटा मध्यावर का येतो, ते त्यांना त्याच्याकडून शिकू द्या.