थांबवलं म्हणे

हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या समोर पसरून मी आणि मामा सोलाणे सोलत बसलो होतो. आई आतल्या खोलीत टीव्हीपुढे. कुठल्याशा युद्धाची बातमी लागली होती आणि सायरन वाजत होता. तो सायरन त्या देशातला नाही, स्टुडिओतला आहे, हे मामाने आल्यापासून तीनदा सांगून झालं होतं. मामा एका मराठी दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होता. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसा तो अजून प्रत्येक बातमी आधी वाजवून बघतो.

"मामा, खारकीवच्या वेळी मी जे केलं ते चूक होतं का रे?"

"काय केलं होतंस?"

"सहा तासांचं."

त्याने हातातला घाटा दाबला. फट्‌ वाजला, आत काही नव्हतं. "सांग परत," तो म्हणाला. "मला पूर्ण कधी सांगितलंच नाहीस."

तर २ मार्च २०२२. माझा धाकटा भाऊ तेव्हा युक्रेनमधल्या खारकीवला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे गोळीबारात गेला होता. खायचं सामान आणायला बाहेर पडला होता. आमचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप रात्रंदिवस जागा. त्या दिवशी भारतीय दूतावासाची सूचना आली: खारकीव ताबडतोब सोडा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्ल्युदोव्का गाठा, तिथल्या घड्याळाने संध्याकाळी ६च्या आत. वाहन नसेल तर चालत. म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. सगळ्यात जवळचं पेसोचिन, तेही ११ किलोमीटर. त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज आला, की आपल्या मुलांसाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवलं आहे. मी तो ग्रुपवर टाकला. आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई उठली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा भाकरीचा तुकडा तिने तोंडात घातला.

"आणि दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने सांगितलं की तसं काही नव्हतं," मामा म्हणाला. "रशियाकडून रस्त्यांची आणि वेळेची माहिती मिळाली, तिच्यावरून सूचना दिली, इतकंच. आपल्यासाठी बॉम्बफेक थांबवली होती म्हणणं साफ चूक."

"हो. पण तोपर्यंत पोरं चालायला लागली होती. मी खातरजमा करत बसले असते तर?"

"तुझी चूक खातरजमेची नाहीच. क्रियापदाची आहे."

"म्हणजे?"

"'थांबवलं आहे' असं लिहिलंस. 'थांबवलं म्हणे' लिहायला काय झालं होतं? आपल्या भाषेने हा दोन अक्षरांचा शब्द फुकट दिलाय. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला म्हणे', यांत पहिल्या माणसाचे पाय भिजलेले असतात, दुसऱ्याचे फक्त कान. तुझे पाय कोरडे होते."

मला राग आला. चाळीस वर्षं सावकाश बसून शब्द बदलणाऱ्या माणसाला काय जातं बोलायला! म्हटलं, "तुझ्या रात्रपाळीत तू कधीच कच्ची बातमी लावली नाहीस, असं म्हणायचंय का तुला?"

मामा हसला. मग त्याने जे सांगितलं ते मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. जानेवारी १९९१, आखाती युद्धाची दुसरी रात्र. इराकने इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं टाकली आणि अमेरिकी वाहिन्यांवरून बातमी सुटली की त्यांत विषारी वायू आहे, वायूने बाधलेली माणसं इस्पितळात आणताहेत. टेलिप्रिंटर खडखडत होता. मामा एकटाच डेस्कवर. "आठ कॉलमी मथळा डोक्यात तयार होता माझ्या. 'इस्रायलवर विषारी वायूचा हल्ला'. लावला असता मी. शंभर टक्के लावला असता."

"मग?"

"हल्ला झाला तिथल्या पहाटे दोनला. आपल्याकडे साडेपाच वाजलेले. शहर आवृत्ती केव्हाच सुटलेली, गठ्ठे एसटी स्टँडवर पोचलेले. मथळा लावायला पानच नव्हतं. घरी येऊन झोपलो. संध्याकाळी कामावर गेलो तोवर कळलं होतं की वायू-बियू काही नव्हता, साधे स्फोटक गोळे. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात बरोबर बातमी आली. संपादकांनी पाठ थोपटली, संयम दाखवलात म्हणून." त्याने मूठभर सोलाणे पातेल्यात टाकले. "आमचा संयम म्हणजे छपाईचं वेळापत्रक होतं गं. आम्हाला रोज बारा तास सक्तीने गप्प बसवलेलं असायचं."

मला हे फार आवडलं, आणि आवडलं म्हणून थोडं खटकलंही. कारण मग प्रश्न माझ्या स्वभावाचा उरत नाही. माझ्या हातात जे यंत्र आहे त्याला आवृत्ती सुटण्याची वेळच नाही. मामाला गप्प बसवणारं कुणीतरी बाहेर होतं. मला ते दर क्षणी आतून आणायचं, आणि तेही भाऊ बॉम्बखाली असताना. हे त्याला म्हटलं तर तो लगेच म्हणाला, "म्हणूनच तर 'म्हणे'. दार बंद करता येत नाही, तर निदान उंबरा असावा."

"तुझा 'म्हणे' फार भाबडा आहे मामा. प्शेवोदुवचं काय झालं?"

हे पोलंडमधलं, युक्रेनच्या सीमेलगतचं खेडं. १५ नोव्हेंबर २०२२ला तिथे धान्य वाळवायच्या जागेवर क्षेपणास्त्र पडलं आणि दोन माणसं मेली. असोसिएटेड प्रेसने तातडीची बातमी सोडली, की रशियाची क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये घुसली, असं अमेरिकी गुप्तचर खात्यातला एक वरिष्ठ अधिकारी सांगतो. पोलंड नाटोत. म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला. बालीत जी-२०साठी जमलेल्या पुढाऱ्यांना तातडीची बैठक घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी वृत्तसंस्थेने ती बातमी मागे घेतली, पुढे बातमीदाराला काढलं. ते क्षेपणास्त्र बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं, भरकटलेलं.

"त्या बातमीत तुझा 'म्हणे' होता की," मी म्हटलं. "चांगला सूट-बूट घातलेला होता, 'अधिकाऱ्याच्या हवाल्याने' वगैरे. म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. 'म्हणे' लावला की बोलणारा सुटतो. आमच्या आळीत कुणाची सून नांदत नाही हे सगळं 'म्हणे' लावूनच सांगतात. कंडी पिकवणाऱ्याला तर तो शब्द खतासारखा."

मामा थोडा वेळ नुसता सोलत राहिला. मग म्हणाला, "खरंय." तो इतक्या लवकर 'खरंय' म्हणत नाही. "पण पिकवलेली कंडी वेगळी आणि उठलेली हूल वेगळी. कंडी पिकवायला कुणीतरी बसलेला असतो. वावडी उडवायलाही दोरी धरणारा लागतो. हूल तशी नसते. जत्रेत कुणी तरी पळतं, म्हणून सगळे पळतात. तुझं ते दुसऱ्यातलं."

"आणि मग पुढे कुणी दोरी बांधली तर? २०२४च्या निवडणुकीत तेच, युद्ध थांबवल्याचं, जाहिरातीत आलं."

"तेव्हा ती वावडी झाली. पण तू उडवली नव्हतीस." तो क्षणभर थांबला. "कागद लावून ठेवला होतास फक्त."

आत सायरन थांबून साबणाची जाहिरात लागली. आईने आवाज कमी केला.

मला जे म्हणायचं होतं ते अजून म्हणून झालं नव्हतं. मामा अफवेकडे चुकीची माहिती म्हणून बघतो. त्या दिवशी मला माहिती कमी पडली नव्हती. दूतावासाची सूचना अगदी स्वच्छ होती: गावांची नावं, वेळ, चालत जा. त्यात नव्हतं ते एकच, 'का'. सहाच्या आतच का? सहानंतर काय होणार आहे? एखाद्या आईला सांगायचं, की तुझा मुलगा गोळीबारातून ११ किलोमीटर चालत जाईल, आणि कारण सांगायचं नाही. ते रिकामं 'का' माणसाला सोसत नाही. कुणीतरी त्यात काहीतरी भरतंच. ते गोड निघालं तर त्याला आधार म्हणतात, कडू निघालं तर घबराट.

"स्नेक आयलंडचे तेरा शिपाई आठव," मी म्हटलं. युद्धाच्या पहिल्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, त्या काळ्या समुद्रातल्या बेटावरचे सगळे युक्रेनी रक्षक मारले गेले असं खुद्द झेलेन्स्की यांनी सांगितलं, मरणोत्तर किताब जाहीर केला. चार दिवसांनी त्यांचंच नौदल म्हणालं, जिवंत आहेत, रशियाच्या कैदेत आहेत. "ती काही बनवाबनवी नव्हती. संपर्क तुटला होता. तुटलेल्या जागी हौतात्म्य बसलं, कारण त्या दिवशी त्या देशाला तेच हवं होतं."

"आपल्याकडे उलटं झालं," मामा म्हणाला. "भाऊसाहेब पानिपतावर पडले, पण पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. आणि पंधरा वर्षांनी १७७६ साली एका कनोजी माणसाला, मीच भाऊ म्हणणाऱ्याला, ठार करावं लागलं. तोवर किल्ले घेतले होते त्याने. माणसं त्याच्यामागे गेली ती काय चेहरा ओळखून गेली? पोकळी होती म्हणून गेली." मग स्वतःशीच, "पार्वतीबाईंना कुणी खोटारडी म्हणेल का, हा प्रश्न आहे."

"मग मला का म्हणतोस?"

"पार्वतीबाईंनी ते फॉरवर्ड नाही केलं."

आम्ही दोघंही हसलो. पण मी त्याला ग्रुपवरच्या काकूंचं सांगितलंच. त्यांचा मुलगा माझ्या भावाच्याच होस्टेलच्या तळघरात होता. माझा मेसेज वाचून त्यांनी मुलाला फोन केला: अरे, सहा तास आहेत, घाई करू नकोस, नीट आवरून, खाऊन नीघ. तो खाऊन निघाला. दोन तास उशिरा, एकटा, अंधार पडता पडता, आणि तोफा चालू होत्या. तो सुखरूप आला, त्या साऱ्या मोहिमेत आणलेल्या सुमारे २२,५०० भारतीयांमध्ये. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट दिवाळीला फराळ पाठवतात.

"सूचनेत मुदत होती," मी म्हटलं. "माझ्या मेसेजने तिची सवड करून टाकली. मला वाटतं, 'सहाच्या आत'चंच कुणाच्या तरी तोंडी 'सहा तास' झालं असणार."

मामाने वर पाहिलं. "असणार?"

"म्हणे," मी म्हटलं.

"आणि तुझा भाऊ? तो कशावर विसंबून निघाला?"

ते मी त्याला नंतर विचारलं होतं. त्याचा फोन सकाळीच बंद पडला होता. त्याने दूतावासाची सूचना वाचली नव्हती, माझा मेसेज तर नाहीच. वरच्या वर्गातला एक मुलगा जिन्यात येऊन 'चला' म्हणाला आणि हे चौदा जण उठले. वाटेत दोनदा रस्त्याच्या कडेला आडवे पडले. युद्ध थांबलंय हे त्यांच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.

"म्हणजे तो मेसेज तिकडे कधी पोचलाच नाही," मामा म्हणाला.

"इकडे पोचला."

सोलाणे संपत आले होते. टरफलांचा ढीग दाण्यांच्या चौपट. मामा एकदम हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईला सांगितलंस का नंतर? की थांबलं नव्हतं?"

"नाही."

"चार तारखेला तरी सांगायचं. तो तोवर सुरक्षित होता ना."

"तेव्हा म्हटलं, घरी आल्यावर सांगू. घरी आला तर म्हटलं, आता कशाला. तू का नाही सांगितलंस? तुला तर तीन तारखेलाच माहीत होतं."

मामाने पातेलं जवळ ओढलं, उगाच दाणे चाळले.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "काय बाई ही रोजची युद्धं!" आई उठून आतून वाटी आणता आणता म्हणाली, "आमचा होता ना तिकडे, तेव्हा पोरं बाहेर पडेपर्यंत सहा तास थांबवलं होतं हो युद्ध. विचारा दादाला, पेपरात होता तो."

वहिनींनी मामाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"हं," मामा म्हणाला, आणि एक घाटा उचलून कानाशी नेऊन हलवून बघायला लागला.