शर्यतीची बांधाबांध आणि दिव्यातले तेल



आजच्या शुभवर्तमानात संत मत्तय आपल्याला दहा कुमारिकांचा दाखला सांगतात. दहाही जणी वराची वाट पाहतात, दहाही जणींना झोप लागते. फरक एवढाच की पाच जणींनी दिव्यासोबत कुपीत जादा तेल आणले होते आणि पाच जणींनी आणले नव्हते. हा दाखला ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका येते. शहाण्या कुमारिकांनी थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? शेजारणीला वाटीभर साखर देताना आपण हिशेब करत नाही. मग न देणाऱ्या या पाच जणींना प्रभू शहाण्या कसे म्हणतो?

मागच्या हिवाळ्यात आम्हाला या शंकेचे उत्तर एका पिकअप गाडीच्या मागे उभे असताना मिळाले.

आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मोटोक्रॉस खेळतो. मातीच्या, खड्ड्याटेकाडांच्या मार्गावर उड्या घेत धावणाऱ्या मोटारसायकलींची ही शर्यत. इंग्लंडमध्ये १९२४ साली कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात झाली असे मानतात. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा आपले काही युवक खास पाहायला गेले होते. हा मुलगा मात्र त्याच्या आधीपासून जांभ्याच्या बंद पडलेल्या खाणीत सराव करत असे.

पुण्याजवळच्या एका शर्यतीला तो निघाला, तेव्हा सामान बांधायला आम्ही त्याच्या अंगणात गेलो. त्याच्याकडे लिहिलेली यादी होती. हेल्मेट, गॉगल, छातीचे आणि गुडघ्याचे कवच, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हातमोज्यांचे तीन जोड. क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर, कारण गाडी पडली की आधी तेच मोडतात. स्पार्क प्लग, ट्यूब, पाने, ताडपत्री, पाण्याचा कॅन. हवेचे फिल्टर धुऊन, तेल लावून, एकेक वेगळ्या पिशवीत बांधलेले. त्याची गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते; १० लिटरला पाव लिटर असे त्याचे माप. ते चुकून राहिले तर इंजिन चालता चालता जाम होते, आणि मग वरून कितीही ऑइल ओतले तरी उपयोग नसतो. शेवटी गाडी पिकअपमध्ये चढवली, पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घातला आणि मग पट्टे आवळले. ठोकळा नसेल तर एवढ्या प्रवासात पुढचे शॉकअप दबून राहतात आणि त्यांची सीले गळू लागतात.

(जाता जाता सांगतो. हेच युवक मारुती मंदिराहून मांडवीला जाताना हेल्मेट घरी खुंटीला ठेवतात. शर्यतीत समोरून ट्रक येत नाही, रस्त्यावर येतो.)

बांधाबांध चालू असताना त्याचे वडील घरातून बाहेर आले नाहीत. ते बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करतात. ठोकळ्याची युक्ती त्यांनीच मुलाला शिकवलेली. पण आदल्या वर्षी मुलगा पडला, गळ्याजवळचे हाड मोडले, आणि आता बस झाले असे ते म्हणाले. मुलगा उलट बोलला. तेव्हापासून चार महिने एका घरात दोघांत शब्द नव्हता. आई मध्ये उभी राहून दोघांचे निरोप देत असे.

हातखंब्यावरून कोल्हापूरच्या रस्त्याला लागून, आंबा घाट चढून आम्ही शनिवारी तिथे पोचलो. तिथले एक दृश्य आम्हाला फार आवडले. जे उद्या एकमेकांना मागे टाकणार, ते आज एकमेकांना पाने देत होते. आमच्याकडचा एक लिव्हर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाने नेला. आमचा पंप बिघडला, तर तिसऱ्याने दिला. कोणी नाही म्हटले नाही. मग आमच्या लक्षात आले की तिथे काही गोष्टी कोणीच कोणाला देऊ शकत नव्हते. वर्षभराचा सराव देता येत नव्हता, रात्रीची झोप देता येत नव्हती. शहाण्या कुमारिकांचे मन कोते होते म्हणून त्यांनी तेल नाकारले नाही. प्रभू ज्या तेलाविषयी बोलतो ते एका कुपीतून दुसऱ्या कुपीत ओतताच येत नाही. आईची प्रार्थना मुलाला आधार देते, पण मुलाच्या वाटची क्षमा आई मागू शकत नाही.

तेव्हा कोणी विचारील, मग प्रभूने बहात्तर शिष्यांना थैली आणि वहाणा न घेता का पाठवले? डाकार शर्यतीत मदतनीसांशिवाय धावणाऱ्यांचा एक गट असतो. त्यांना हत्यारे आणि सुटे भाग ठेवायला ८० लिटरची एकच पेटी मिळते. पेटी लहान असली की काय सोडायचे ते नीट ठरवावे लागते. प्रभूने शिष्यांची थैली काढून घेतली, पण घरात शिरताच शांती देण्याचे काम सोबत दिले. ते मात्र विसरून चालणार नव्हते.

नोंदणीच्या टेबलावर अर्ज भरायचा होता. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, असा त्यात एक रकाना होता. मुलाने थोडा वेळ पेन धरून ठेवले आणि मग आमच्यापैकी एकाचे नाव लिहिले. आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

रविवारी सकाळी शर्यत, म्हणून शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला आम्ही शहरातल्या चर्चमध्ये गेलो. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली. तो अनोळखी माणसांकडे वळून हात जोडत होता. ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागली तेव्हा तो रांगेत न जाता बाहेर पडला. मिस्सा संपल्यावर आम्ही त्याला शोधले, तर फाटकाजवळ फोन कानाला लावून उभा होता.

"पप्पा, मी," एवढेच त्याला म्हणता आले होते. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग वडिलांनी विचारले, "ठोकळा घातलास ना?"

"घातला."

"आणि पेट्रोलचा नळ बंद ठेवलास?"

सकाळी तो पुन्हा नोंदणीच्या टेबलाकडे गेला. रकान्यातले नाव खोडून त्याने वडिलांचे लिहिले. तिथल्या माणसाने खाडाखोडीवर सही मागितली, ती त्याने केली. शर्यतीत तो अकरावा आला. रात्री उशिरा आम्ही रत्नागिरीत पोचलो, तेव्हा अंगणातला दिवा चालू होता आणि वडील गाडी उतरवायला फळी घेऊन उभे होते.