कर्णाची बाजू घेताना

'मृत्युंजय' वाचून संपवलेला मुलगा पुढचे दोन-तीन महिने कुणाचंच ऐकत नाही. होस्टेलवर अशी आठ-दहा पोरं तरी मी पाहिली. मीही त्यातलाच. कुरुंद्याहून पुण्यात आल्यावर आपलं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच समोरच्याला आपल्या बोलीचं हसू आलं, की सूतपुत्र म्हणजे काय हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. तेव्हा माझे आईवडीलही जन्मले नव्हते, तरी ती आपल्यासाठीच लिहिलीय असं वाटतं.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखाद्या पात्रावर जीव जडला, की त्याने ज्यांना दुखावलं त्यांचं आपण काही देणं लागतो का?

स्वयंवराचा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. कर्ण धनुष्य उचलतो आणि द्रौपदी भर मंडपात त्याला जातीवरून नाकारते. होस्टेलवरचे वाद इथेच येऊन थांबायचे. पुढे सभेत जे झालं ते झालं, पण आधी अपमान तिने केला होता ना! एका मुलीने नाही म्हटल्यावर आमच्यातल्या एकाने आठवडाभर कर्णाचे स्टेटस ठेवले होते. वर्गातल्या सगळ्यांना ते कुणासाठी आहेत ते कळत होतं, तिलाही.

पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं वापरली. कोड लिहिणाऱ्याला हे काम लगेच कळेल: एकाच फाइलच्या शेकडो कॉप्या, प्रत्येकीत कुणी ना कुणी भर घातलेली, आणि जुनं कुठलं ते ओळीओळीने ठरवायचं. या आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदीचा तो नकार नाही. नंतरची भर म्हणून तो बाहेर काढला आहे. द्यूतसभेत कर्ण तिला वेश्या म्हणतो, तिची वस्त्रं काढून घ्यायला सांगतो, ते मात्र तसंच आहे.

आणि समजा, नकार दिला असताच, तर? स्वयंवर तिचं होतं.

इरावती कर्वे यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच. बाई मानववंशशास्त्रज्ञ. कर्णाकडे त्या तेजोवलय वगळून बघतात. पहिल्यांदा वाचताना मी चिडून पुस्तक मिटलं होतं. पुन्हा उघडलं तेव्हा 'मृत्युंजय'ही शेजारी घेतली आणि त्यात बोलतं कोण कोण ते पाहिलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. सहा जण आपापली बाजू सांगतात. द्रौपदीला स्वतःचं प्रकरण नाही.

हा कादंबरीचा दोष आहे असं मला वाटत नाही. कुणाला बोलू द्यायचं ते लेखकाने ठरवावं. पण सहा जणांचं ऐकून निकाल आपण देतो, आणि ज्या बाईबद्दल निकाल द्यायचा तिला कुणी बोलावलेलंच नसतं. तिचं म्हणणं दुसऱ्या पुस्तकात जाऊन ऐकणं, हे वाचकाचं काम. (वैचारिक पुस्तकांनाही यातून सूट नाही. चिकित्सक आवृत्ती 'असं लिहिलं होतं' एवढंच सांगते, 'असं घडलं' हे नाही.)

आमच्या गावाचं नाव आडनावात घेऊन फिरलेला एक माणूस हे काम जन्मभर करत होता. नरहर कुरुंदकर. जन्म नांदापूरचा, १९३२ चा, घराणं मूळ कुरुंद्याचं. मराठी कादंबरीवर त्यांनी 'धार आणि काठ' लिहिलं, महाभारतावरचं त्यांचं लेखन 'व्यासांचे शिल्प'मध्ये आहे. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना म्हणजे एक लांबलचक पत्र आहे. कादंबरी सुरू व्हायच्या आधी हा माणूस शिवाजी महाराजांबद्दल पुरावे, शंका, तर्क मांडत बसतो. बरेच जण ती पानं उलटून थेट गोष्टीवर येतात. मला उलट वाटतं, की देसाईंनी ते पत्र पुस्तकाच्या दारातच ठेवलं हे धाडस होतं. आवडीच्या माणसाबद्दल प्रश्न विचारले म्हणून आवड कमी होत नाही, हे तिथे समोर दिसतं.

कर्णाबाबत तर खुद्द कर्णच आपल्या पुढे आहे. उद्योगपर्वात तो कृष्णाला सांगतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना नको ते बोललो, आणि आज त्याने मी पोळतोय. त्याची वकिली करणाऱ्यांच्या तोंडून हा प्रसंग मी कधी ऐकला नाही. मला मात्र याच जागी तो सर्वात मोठा वाटतो, कवचकुंडलं देताना वाटतो त्याहूनही.

गावाकडे माझा चुलत भाऊ यंदा अकरावीत गेलाय. "दादा, आधी कुठलं वाचू?" म्हणाला. मी 'मृत्युंजय' दिलं. सोळाव्या वर्षी कर्णासाठी रडलंच पाहिजे. 'युगान्त' त्याच पिशवीत ठेवलंय, खाली.