ज्याचा टाळ वाजतच राहतो



वारीतला संध्याकाळचा तळ आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आहे. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाने कानाचे पडदे थरारतात, आणि चोपदार आपला दंड उंच करतात. एवढा मोठा समुदाय, पण क्षणात चिडीचूप. मात्र कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. नवख्या माणसाला वाटते, यांना शिस्त नाही. जुना वारकरी जाणतो की त्या दिंडीची तक्रार आहे. पाण्याचा टँकर आला नसेल, उतरण्याची जागा दुसऱ्या कोणी धरली असेल, वाटेत चालीवरून बोलाचाली झाली असेल. ती मंडळी टाळ वाजवीतच राहतात आणि चोपदार चालत त्यांच्याकडे जातात, काय झाले ते ऐकून घेतात, तोडगा काढतात. मग तो टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा, मग आरती. हैबतरावबाबांनी बसवलेल्या या घडीला आता दोनशे वर्षे होत आली, आणि एकाचीही तक्रार उरली असता आरती होत नाही, एवढे तरी त्या घडीतून आम्ही समजलो आहोत.

हे आठवायचे कारण निराळे आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पालखीच्या वाटेवरच्या एका शहरात आमच्या दिंडीच्या मुक्कामाची शाळा भरून गेली, तेव्हा आम्ही सातआठ वयस्कर मंडळी एका उड्डाणपुलाखाली पथारी टाकावयास गेलो. जागा झाडलेली दिसली म्हणून पिशव्या टेकल्या. पाहतो तो खांबामागे तीन दगडांची चूल, दोन पातेली, दोरीवर मुलांचे कपडे. जागा कोणाची तरी होती! आम्ही उठू लागलो, तोच त्या घरची बाई केरसुणी घेऊन आली. (घर म्हणावे की नाही, हा प्रश्न तुम्हीच सोडवा.) म्हणाली, "माउली, उठू नगा. जरा अलीकडं सरका, तिकडं वरचं पाणी गळतंय." तिने आपली चूल उचलून पलीकडे नेली, जागा पुन्हा झाडली, आणि लेकरांना कोपऱ्यात एकावर एक निजवून आम्हांला जागा करून दिली.

रात्री आमच्यातल्या एका आजींनी बायकांचा म्हणून जो प्रश्न असतो तो विचारला. ती म्हणाली, "ह्ये दोन दिस बरं हाय, आजी. तुमच्यासाठी संडासाच्या गाड्या लावल्यात न्हवं? आमच्या पोरी बी उजेडी जाऊन येतात. तुमी गेला की गाड्या जातात."

"आणि मग?"

"मग अंधार पडायची वाट बघायची."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, असे लिहिणे शोभले असते. पण दिवसभर चाललेले पाय होते, झोप लागली. सकाळी निघताना मात्र रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या त्या गाड्या पाहिल्या आणि पुढे दिवेघाट चढेपर्यंत कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

आता विचार करा. त्या दोन रात्री तिच्यात आणि आमच्यात भेद तो काय होता? तीही उघड्यावर, आम्हीही उघड्यावर. किंबहुना वीस दिवस आम्ही सारेच बेघर असतो, कापडाखाली निजतो, दुसऱ्याच्या पाण्यावर जगतो. पण आमच्याकडे टँकर येतो, डॉक्टर येतो, दिव्याची तार ओढली जाते. का येतो? आम्ही पुण्यवान म्हणून, असे कोणी समजू नये. आमच्या दिंडीला क्रमांक आहे. माणसे किती, उतरणार कुठे, प्रमुख कोण, हे कागदावर आहे. पालिकेच्या माणसाला बोलायला समोर एक माणूस आहे. त्या बाईचा कागद नाही, क्रमांक नाही, आणि तिच्या वतीने बोलेल असा कोणी प्रमुखही नाही. तिचा टाळ वाजतो आहे, पण दंड घेऊन तिच्याकडे जायचे कोणी, हे ठरलेले नाही.

रस्तेवाले म्हणतात, फुटपाथ चालणाऱ्यांचा, ही माणसे आमच्या हद्दीत नकोत. पाणीवाले म्हणतात, नळ दिला तर मुक्काम कायम होईल. आरोग्यवाल्यांना पत्ता हवा. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या त्याच्या वहीत बरोबर असते. मग एके दिवशी सामान उचलणारी गाडी येते आणि पातेल्यांबरोबर पोराचे दप्तरही जाते. तीच पोरे दुसऱ्या दिवशी पन्नास पावलांवर पुन्हा चूल मांडतात. कष्ट दोघांचे, उपयोग कोणाचाच नाही.

या गोष्टीला आपल्याकडे इतिहास आहे. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या कुटुंबांना उठवून गावी पाठवण्याचे तेव्हाच्या राज्य सरकारने ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. त्यात दोन गोष्टी होत्या आणि लोक त्यांतली आपल्या सोयीची एकच सांगतात. एक अशी की, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क आलाच. कामाजवळ राहिला नाही तर गरीब मरेल. दुसरी अशी की, फुटपाथ हा राहण्यासाठी नव्हे, नोटीस देऊन तो पालिकेला मोकळा करता येईल. मात्र १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे पुन्हा तेच, वहीत नाव आहे की नाही!

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या बाजूस फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची घर अन् घर मोजणी केली. गावाहून कधी आलात, काय काम करता, कामाला कसे जाता, असे विचारले. मोजणीच्या अहवालाला नाव दिले ते 'आम्ही, न दिसणारी माणसे' अशा अर्थाचे. पुढच्या वर्षी तेथल्याच बायांनी 'महिला मिलन' उभे केले. रोजच्या मजुरीतून रुपया-दोन रुपये बाजूला काढायचे, एकीने दारोदार फिरून ते गोळा करायचे. दार नसलेल्या घरांतूनही! शिधापत्रिकेच्या कचेरीत, पोलीस चौकीत, पालिकेत एकटीदुकटीने रडत जायचे नाही, मिळून जायचे, कागद घेऊन जायचे. समोरचा साहेबही मग वेगळे बोलू लागतो. त्यालाही रडणाऱ्या माणसापेक्षा हिशेब घेऊन आलेला माणूस बरा वाटतो. फुटपाथवरच्यांना घर मिळण्याचा हक्क धोरणात आला तो १९९५ मध्ये, आणि मानखुर्दला मिलननगर उभे राहून भायखळ्याची कुटुंबे तेथे राहावयास जाईपर्यंत, त्या मोजणीपासून धरले तर, वीसेक वर्षे गेली. बायांनी वीस वर्षे टाळ खाली ठेवला नाही.

मोजणे हा शब्द आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो म्हणून कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात ही खानेसुमारी कशाला? त्याला आम्ही मंगळवेढ्याची कथा सांगतो. चोखोबा गावकुसाच्या कामावर होते. ज्या भिंतीआड गाव सुखाने निजणार ती भिंत बांधायची त्यांनी, आणि त्यांचे घर मात्र त्या भिंतीबाहेर. ती भिंत कोसळली, माणसे खाली गेली. सगळा ढीग एकच झाला होता. नामदेवराय तेथे गेले आणि परंपरा सांगते की त्यांनी एकेक अस्थी कानाला लावून पाहिली. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. ढीग म्हणून त्यांनी उचलले नाही. एकेक, कानाला लावून! आम्हांस तरी याहून चांगली खानेसुमारी ठाऊक नाही.

बरे, सरकारला हे जमत नाही असेही नाही. पोलिओच्या डोसाचे दिवस आठवा. घरी मूल आहे का, म्हणून दारावर खडूने खूण होई. ज्यांना दारच नाही त्यांचे काय? सेविका वीटभट्टीवर गेल्या, पालांत गेल्या, स्टेशनांवर आणि पुलांखाली गेल्या, आणि पोराच्या बोटाला शाई लावून आल्या. ती शाई हाच त्याचा पत्ता. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला तो यामुळे. एक मूल सुटले तर सगळ्यांना धोका, हे तेव्हा सगळ्यांना पटले होते. डोस पाजणाऱ्या बायांना पालांतली माणसे आधी भीत, मग तीच सांगू लागली की पलीकडच्या पालात परवा बाळ झालेय, तिकडे जाऊन या. सेवा देणारा आणि घेणारा यांचे जमते ते असे.

पुण्यातही असे एकदा घडले होते. १९९९ नंतर, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक शौचालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. पालिकेने पैसा आणि जागा दिली. वस्तीतल्या बायांनी सांगितले की लहान पोरांसाठी वेगळी सोय हवी, कारण रांगेत मोठी माणसे त्यांना मागे ढकलतात. राखणदाराला राहायला खोली हवी, हेही त्यांनीच सांगितले. कागदावर आखणाऱ्या अभियंत्याला हे सुचले नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही, तो त्या रांगेत उभा राहिलेला नसतो. अर्थात वस्ती आणि फुटपाथ यांत अंतर आहे. फुटपाथवर भिंत बांधता येत नाही. तेथे चाकांची गाडी उभी करता येते.

बेघरांसाठी निवारे आहेत. एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा निवारा असावा, असे केंद्राचे २०१३ चे सूत्र आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणक फिरले तेव्हा महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. तेवढ्यांना ते सूत्र पुरणार नाही हे उघड आहे. आणि जे निवारे आहेत तेथेही लोक का जात नाहीत, असे साहेब विचारतात. त्या पुलाखालच्या बाईचे उत्तर आम्ही ऐकले आहे. नवरा एकीकडे, ती मुलींसह दुसरीकडे, भांडीकुंडी ठेवायला जागा नाही, आणि पहाटे जेथे काम मिळते तो नाका चार मैलांवर. "साहेब चांगला हाय," ती म्हणाली, "पर त्यानं आधी मला इचारलं असतं तर!"

येथे कोणी वाचक मनात म्हणत असेल की ही माणसे घाण करतात. सज्जनहो, चंद्रभागेच्या वाळवंटाचे आठवते ना? आषाढीनंतर तेथे काय उरत असे, आणि ते कोण हाताने उचलीत असे? आमची घाण पंढरपूरच्या सफाई कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, राहुट्या वाळवंटातून हलल्या, पासष्ट एकराचा तळ आखला गेला, २०१५ पासून निर्मल वारीच्या गाड्या येऊ लागल्या. आणि पहिल्या वर्षी त्या गाड्यांकडे पाठ फिरवणारे कोण होते? आम्हीच! सरकारने गाड्या उभ्या केल्या एवढ्याने काम झाले नाही. दिंडीप्रमुखांनी कीर्तनात सांगितले, मुले-मुली पहाटे चारपासून तेथे उभी राहिली, तेव्हा सवय लागली. आमच्यासारख्या टाळकुट्यांना दोनतीन वर्षे लागली. त्या बाईच्या पोरींनी पहिल्याच दिवशी रांग धरली.

आमच्या दिंडीची बैठक माघात झाली, तीत हा विषय निघाला. बराच वाद झाला. एक बुवा म्हणाले, आपण नामस्मरण करावे, हे नगरसेवकांचे काम. दुसरे म्हणाले, तिच्या अंगणात निजताना हे सुचले नव्हते काय? शेवटी एका पानाचा अर्ज लिहायचे ठरले. पालखी पुढे गेल्यावर सगळ्या गाड्या नेऊ नयेत, त्या पुलाशी दोन ठेवाव्यात, पाण्याची एक टाकी ठेवावी. गाडी धुण्याचे आणि किल्ली सांभाळण्याचे काम पुलाखालच्या चार कुटुंबांनी आळीपाळीने पत्करले आहे. मैला उपसायला पालिकेने आठवड्यातून कोणत्या दिवशी यावे, तेही त्यांनीच विचार करून सांगितले. बाजारच्या दिवशी नको, गाडी वळत नाही.

मागच्या महिन्यात आमच्यातले दोघे अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले. तेथल्या साहेबांनी बसवून घेतले, चहा दिला, वाचले, आणि विचारले, "अर्जदारांचा पत्ता?" आम्ही दिंडीचा क्रमांक लिहिला. त्यांनी तो घेतला, पण म्हणाले, राहणाऱ्यांची यादीही जोडा. तेव्हा पुन्हा पुलाखाली जाऊन नावे लिहून घेतली. अकरा कुटुंबे, त्रेपन्न माणसे, त्यांत एक नऊ दिवसांचे बाळ. बाळाचे नाव अजून ठेवलेले नव्हते. तिने आमच्याकडे पाहिले, मग म्हणाली, "लिवा माउली, जागा सोडून लिवा. बारशाला आलात की भरा."

वटपौर्णिमेच्या आधी उत्तर देऊ, असे साहेबांनी सांगितले आहे. प्रस्थानाला येणाऱ्यांपैकी ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी आळंदीत आमच्या दिंडीच्या राहुटीत यावे. अर्जावरचा पहिला अंगठा त्या बाईचा आहे, त्याखाली पुष्कळ जागा आहे.